इंग्लंडच्या खेड्यातील जुन्या घरात मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनची स्थळे पाहून झाल्यावर आठवडाभर खेड्यातल्या एखाद्या जुन्या दगडी घरात राहावे, असे अनेकांच्या मनात असते. ज्यांची मुले, सुना किंवा जावई तिकडे नोकरीला आहेत, त्यांना तर ते सहज जमण्यासारखे असते. आमच्या कुटुंबाचे असे काही मुक्काम कॉट्सवोल्ड्स आणि डेव्हन या भागांत झाले. तेव्हापासून नातलग आणि स्नेही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्लंडबाहेरचे, म्हणजे स्कॉटलंड आणि वेल्समधले नियम काही बाबतींत वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

हे हॉटेल असते, की एखाद्या कुटुंबासोबत राहायचे असते?

दोन्ही नाही. ठरलेल्या दिवसांसाठी संपूर्ण घर आपल्या ताब्यात असते. स्वयंपाकघर, भांडी, अंथरुणे, बहुतेक वेळा लहानशी बाग आणि गाडी लावण्याची जागा एवढे मिळते, पण सकाळी चहा आणून देणारे किंवा खोली आवरणारे कोणी नसते. किल्ली बहुधा दाराजवळच्या आकड्यांच्या कुलुपाच्या पेटीत ठेवलेली असते आणि मालकाची भेट एकदाही होत नाही. घर मात्र मुळात सुट्टीसाठी बांधलेले नसते. ते कधी विणकरांची चाळ असते, कधी धान्याचे कोठार, पाणचक्की, रेल्वेचे छोटे स्थानक किंवा एखाद्या मोठ्या इस्टेटीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचे घर. केंट परगण्यात हॉप्स, म्हणजे बिअरसाठी लागणारी फुले, वाळवण्याच्या गोल भट्ट्या होत्या, त्यांच्या शंकूसारख्या छपरांखाली आता झोपण्याच्या खोल्या झाल्या आहेत. मूळ कामाच्या खुणा घरात दिसत राहतात आणि आमच्या मते मुक्कामाचे अर्धे सुख त्या ओळखण्यात आहे.

ही घरे कोणाच्या मालकीची असतात?

बरीच खासगी मालकांची आहेत आणि ती सुट्टीची घरे देणाऱ्या कंपन्यांमार्फत मिळतात. त्याशिवाय दोन संस्था प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टकडे मोठ्या वाड्यांबरोबर असंख्य साधी घरे आहेत आणि त्यांपैकी अनेक मुक्कामासाठी दिली जातात. कोल्न नदीकाठच्या बायबरी गावातील आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ तिच्याच मालकीची आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मठाची लोकर साठवण्याचे कोठार म्हणून ती बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिच्यात विणकरांसाठी छोटी घरे पाडण्यात आली. समोरच्या पाणथळ बेटावर विणलेले कापड वाळत घालत असत. या ओळीतले एक घर सुट्टीसाठी मिळते. दुपारी बसगाड्यांतून आलेल्या पर्यटकांची तिथे दाटी असते, पण सकाळी सातला आणि संध्याकाळी आठला त्या दारापुढे फक्त नदीचा आवाज असतो, आणि तिथे मुक्काम करणाऱ्यालाच तो ऐकायला मिळतो.

दुसरी संस्था म्हणजे लँडमार्क ट्रस्ट. सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिश्चन यांनी १९६५ मध्ये ती स्थापन केली. पडायला आलेल्या, कोणालाच नको असलेल्या इमारती घ्यायच्या, जपून दुरुस्त करायच्या आणि मुक्कामासाठी देऊन त्या भाड्यातून त्यांची देखभाल चालवायची, ही त्यांची कल्पना. आज संस्थेकडे सुमारे दोनशे वास्तू आहेत. वॉरिकशरमधील ॲस्टली कॅसल १९७८ च्या आगीनंतर भग्नावस्थेत पडला होता. त्याच्या जुन्या भिंतींच्या आत नवे घर बसवण्यात आले आणि २०१३ मध्ये त्याला वास्तुकलेतील स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. तिथे झोपण्याच्या खोल्या खाली आणि बैठक वर आहे, म्हणजे सकाळचा चहा पडक्या किल्ल्याच्या खिडकीतून बाहेर बघत घेता येतो.

ज्या घरात कोणी राहते ते घर टिकते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पुण्यातले कित्येक वाडे कोणी मुद्दाम पाडण्याआधी रिकामे पडून खचले. म्हणून या मुक्कामासाठी आपण जे भाडे देतो, त्यातला काही भाग त्या घराच्या छपरावर खर्च होतो याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते.

‘लिस्टेड’ घर म्हणजे काय? एवढे भाडे घेऊनही खिडक्यांना दुहेरी काचा का नसतात?

इतिहास किंवा वास्तुकला या दृष्टीने महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी इंग्लंडमध्ये आहे आणि तिचे काम हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था पाहते. यादीतील नोंदी चार लाखांच्या आसपास आहेत. १७०० पूर्वीची आणि बऱ्यापैकी मूळ स्वरूपात उरलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत असते, आणि १७०० ते १८५० या काळातल्याही बहुतेक असतात. पहिली श्रेणी, तारांकित दुसरी श्रेणी आणि दुसरी श्रेणी असे तीन वर्ग आहेत. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती शेवटच्या वर्गात मोडतात, आणि आपण राहतो ते घरही बहुधा त्यातलेच असते.

यादीतील घराचे स्वरूप बदलेल असे कोणतेही काम करायचे तर स्थानिक नियोजन खात्याची वेगळी संमती घ्यावी लागते. विनापरवाना फेरफार करणे हा फौजदारी गुन्हा आहे. संरक्षण केवळ दर्शनी भिंतीला नसून आतल्या जिन्याला, तुळयांना, फरशीला आणि दारांनाही असते. म्हणून जुन्या खिडकीच्या बारीक लाकडी पट्ट्यांत जाड दुहेरी काच बसवायला सहसा संमती मिळत नाही, आणि मालक फार तर आतल्या बाजूने काचेचे वेगळे तावदान लावतो. जिना अरुंद का, न्हाणीघर तळमजल्यावर स्वयंपाकघराच्या मागे का, दार एवढे बुटके का, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा इथेच सापडतात. घर जसे आहे तसेच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे आहे, आणि थोडी गैरसोय पाहुण्याने सोसायची असते. ही देवाणघेवाण आम्हाला रास्त वाटते. ज्यांना ती पटत नाही त्यांनी नवे घर निवडावे, कारण इथे येऊन आठवडाभर कुरकुर करण्यात आपलीच सुट्टी वाया जाते.

घरात फार थंडी वाजते का? ओलीचा वास येतो असे ऐकले आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कॉट्सवोल्ड्समधली जुनी घरे तिथल्याच चुनखडीच्या मधाळ रंगाच्या दगडात बांधलेली असतात. डेव्हनमध्ये माती आणि पेंढा तुडवून उभारलेल्या जाड भिंतींची घरे दिसतात. कोकणातल्या किंवा देशावरच्या मातीच्या घरात लहानपण गेलेल्या माणसाला ती भिंत हाताने चाचपताच ओळखीची वाटते. दोन्हीकडे भिंतींची जाडी अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक असते आणि त्यांच्या आत आधुनिक घरांसारखी हवेची पोकळी नसते. दगडांमधले दर्जे, म्हणजे सांधे, भरायला आणि गिलाव्याला चुना वापरलेला असतो. पावसाचे पाणी अशा भिंतीत थोडे मुरते आणि वारा-ऊन लागले की बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा केला तर तीच ओल आत कोंडते आणि दगड भुसभुशीत होऊ लागतो. विसाव्या शतकात अशा चुकीच्या दुरुस्त्यांनी पुष्कळ घरांचे नुकसान झाले. आता जाणकार गवंडी पुन्हा चुन्याकडे वळले आहेत.

मुक्काम करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की घर तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पोहोचल्याबरोबर हीटर जोरात लावून तासाभराने बंद करण्यापेक्षा तो मंद आचेवर सतत चालू ठेवावा. आंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना खिडकी थोडी उघडावी. ओले कपडे सगळ्या रेडिएटरांवर पसरू नयेत. आमच्या एका मुक्कामात आम्ही थंडीला घाबरून चार दिवस एकही खिडकी उघडली नाही, आणि पाचव्या दिवशी कोपऱ्यातल्या कपाटामागे भिंतीवर पाण्याचे थेंब जमलेले दिसले. तो दोष घराचा नव्हता. थंडीच्या दिवसांत लोकरीचे मोजे आणि घरात घालायच्या सपाता अवश्य न्याव्यात, कारण दगडी फरशीचा गारवा पायांतून चढतो.

उन्हाळ्यात हीच भिंत आपली सोबत करते. बाहेर तीस अंशांचे ऊन असताना आत येऊन खिडकीतल्या बैठकीवर टेकले की बरे वाटते. जाड भिंतीमुळे खिडकीत आपोआप रुंद कट्टा तयार होतो. त्यावर उशी टाकलेली असते आणि घरातले प्रत्येक माणूस दुपारी तीच जागा धरायला बघते.

गवताने शाकारलेले छप्पर गळत नाही का?

नीट शाकारलेले असेल तर गळत नाही. पाणगवताचे किंवा गव्हाच्या काडाचे जाड थर तीव्र उतारावर बसवलेले असतात, त्यामुळे पाणी वरच्या वर ओघळून जाते. पन्हाळी बहुधा नसतात. पावसात दारात उभे राहिले तर समोर पागोळ्यांचा पडदा दिसतो. छपराचा सगळ्यात वरचा आढ्याचा भाग साधारण दहा-पंधरा वर्षांनी नवा करावा लागतो, बाकीचे गवत त्याहून पुष्कळ जास्त टिकते. अशा घराच्या आवारात फटाके, हवेत सोडायचे पेटते कंदील किंवा उघडी शेकोटी अजिबात चालत नाही. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फायरप्लेस पेटवता येते का?

घराच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच. जुन्या घरातली चुलीची जागा इतकी मोठी असते की तिच्या आत बाक ठेवून माणसे बसत. बाजूच्या भिंतीत पाव भाजण्याच्या भट्टीचे लोखंडी झाकण अजूनही सापडते. आज त्या जागेत बहुधा लाकडाचा बंद स्टोव्ह बसवलेला असतो. फक्त वाळलेले लाकूड जाळावे. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या सरपणात ओलावा २० टक्क्यांहून अधिक नसावा असा नियम आहे, आणि तशी खूण पिशवीवर असते. ओल्या लाकडाने धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तोच पुढे पेट घेतो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र खोलीत आहे ना, हे पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्यावे.

आपला स्वयंपाक करता येईल का?

करता येतो आणि करावाच, कारण खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास आणि रात्री नऊच्या सुमारास बंद होते. मोठ्या सुपरमार्केटांमध्ये डाळी, कणीक, बासमती आणि सुके मसाले मिळतात. रविवारी मात्र मोठी दुकाने सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत केवळ सहा तास उघडी असतात, त्यामुळे शनिवारी पोहोचणाऱ्यांनी वाटेतच सामान भरावे. भारतातून जाणाऱ्यांसाठी महत्त्वाची सूचना: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि त्यात साजूक तूप व पेढेही येतात. गोडा मसाला, मेतकूट, पोहे आणि चकल्या न्याव्यात.

चुलीचा प्रकार आधी विचारून घ्यावा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई उपयोगाची नाही. काही घरांत आगा नावाची बिडाची जड शेगडी असते. १९२२ मध्ये गुस्ताफ दालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने ती तयार केली. तिच्यात ज्योत दिसत नाही, बटणाने आच कमी-जास्त होत नाही. एक तापलेली चकती जास्त आचेची, एक कमी आचेची आणि खाली ओव्हन, एवढ्यावर सगळे चालते. पहिल्या दिवशी आमच्या सासूबाई तिच्यासमोर गोंधळून उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कडक चकतीवर तवा ठेवून भाकऱ्या केल्या आणि मंद चकतीवर आमटी उकळत ठेवली. त्यांच्या मते गावाकडच्या चुलीचा वैल असाच होता.

फोडणीचे काय, असे सगळेच विचारतात. धुराची सूचना देणारे यंत्र मोहरी तडतडताच वाजू शकते. फोडणी करताना पंखा चालू ठेवावा, खिडकी उघडावी, स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नये. ते यंत्र काढून ठेवणे किंवा त्यावर फडके गुंडाळणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. लाकूड आणि गवत यांच्या घरात रात्री आपला जीव त्याच्याच भरवशावर असतो. हळदीचे डाग दगडी ओट्यावरून निघत नाहीत, म्हणून खाली ताट ठेवावे.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना नेता येईल का?

नेता येते, पण घर निवडताना खोल्यांच्या संख्येपेक्षा जिना पाहावा. दगडी जिने गोल वळणाचे, उभ्या चढाचे आणि एकाच बाजूला दोर किंवा कठडा असलेले असतात. रात्री न्हाणीघरात जाण्यासाठी तो उतरावा लागणार असेल, तर सत्तरीच्या माणसासाठी ते घर योग्य नाही. तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि न्हाणीघर असलेली रूपांतरित कोठारे ज्येष्ठांना सोयीची पडतात. तुळया बुटक्या असतात आणि कपाळमोक्ष उंच माणसाचाच होतो. मुलांच्या बाबतीत ओढा, तळे आणि कुंपण यांची चौकशी लेखी करावी, कारण यादीतील घराला सुरक्षेसाठी हवे तसे फाटक बसवणेही नेहमी शक्य नसते.

न्हाणीघराबद्दल काही सूचना?

गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगवेगळे असू शकतात. पूर्वी थंड पाणी थेट मुख्य वाहिनीतून येई आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून, म्हणून ते पिण्यालायक धरले जात नसे आणि दोन्ही एकत्र करत नसत. दिवा लावण्यासाठी छतापासून दोरी लोंबत असते. जमिनीवर पाणी वाहून नेणारी मोरी नसते, त्यामुळे बादली-तांब्याने आंघोळ टबाच्या आतच करावी. खालच्या मजल्याचे छत चारशे वर्षांचे असू शकते. शहराबाहेरच्या घरांना बहुधा सेप्टिक टँक असतो, त्यात ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड किंवा उरलेले तेल टाकू नये.

गाडीशिवाय जमेल का?

थोड्या ठिकाणी जमेल. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून मॉर्टन-इन-मार्शला गाडी सुमारे दीड तासात पोहोचते, आणि त्या गावात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर घर घेतले तर निभावते. इतरत्र बस दिवसातून मोजक्याच असतात. भारतीय वाहन परवान्यावर पाहुण्याला तिथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते. अडचण खेड्यातल्या रस्त्यांची आहे. दोन्ही बाजूंना उंच झुडपी कुंपणे आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढा रस्ता असतो. समोरून ट्रॅक्टर आला तर जवळच्या रुंद जागेपर्यंत आपल्याला मागे यावे लागते. त्यामुळे शक्य तेवढी लहान गाडी घ्यावी आणि पहिल्या दिवशी उजेडात पोहोचावे. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तर जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पिनकोडसारखा पोस्टकोड खेड्यात मोठ्या परिसराला एकच असू शकतो. मालकाने पाठवलेल्या वाटेच्या खुणा कागदावर छापून जवळ ठेवाव्यात, कारण मोबाइलला तिथे अनेकदा रेंज नसते.

घरात दूरचित्रवाणी आणि इंटरनेट असते का?

खासगी घरांत बहुधा दोन्ही असते. लँडमार्क ट्रस्टच्या घरांत दूरचित्रवाणी संच मुद्दाम ठेवलेला नसतो, त्याऐवजी त्या घराला साजेशी पुस्तके आणि चित्रांचे तुकडे जुळवण्याचे खेळ असतात.

आरक्षण कधी करावे आणि भाडे कसे ठरते?

भाडे माणशी नसते, संपूर्ण घराचे असते. त्यामुळे आठ जणांच्या घरात आठ जण राहिले तर ते हॉटेलपेक्षा परवडते आणि दोघेच राहिले तर महाग पडते. शुक्रवार ते शुक्रवार असा आठवडा, किंवा शुक्रवार ते सोमवार आणि सोमवार ते शुक्रवार अशा छोट्या सुट्ट्या, ही नेहमीची पद्धत आहे. प्रवेश दुपारी चारला आणि निघणे सकाळी दहाला. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत शाळांची सुट्टी असते आणि दर सर्वांत चढे असतात. आमची शिफारस मे किंवा सप्टेंबरची आहे. व्हिसा हातात पडण्याआधी पैसे भरत असाल, तर रद्द करण्याच्या अटी वाचूनच भरावेत.

आसपास काय पाहावे?

सर्वप्रथम पायवाटा. इंग्लंडमध्ये खासगी शेतांमधूनही सार्वजनिक हक्काच्या पायवाटा जातात आणि पिवळा बाण दिसला की तिथून चालण्याचा आपल्याला कायदेशीर अधिकार असतो. फाटक जसे असेल तसेच सोडावे आणि वासरे सोबत असलेल्या गाईंपासून दूर राहावे. चिपिंग कॅम्पडेनपासून बाथपर्यंत जाणारी कॉट्सवोल्ड वे ही वाट १०२ मैलांची आहे. तिचा एखादा तुकडा तरी चालावा. वाटेत लागणारी भव्य चर्चे मध्ययुगातल्या लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशांतून उभी राहिली. पुढे कापडधंदा यंत्रांच्या मागे उत्तरेकडे यॉर्कशरला गेला, गावे गरीब झाली, आणि नवे बांधायला पैसा नसल्यामुळे जुनी घरे तशीच राहिली.

मराठी माणसाने दोन जागा मुद्दाम पाहाव्यात. मॉर्टन-इन-मार्शजवळ सेझिनकोट हा घुमटाचा वाडा आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा मिळवलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, १८०५ च्या सुमारास तो मुघल शैलीत बांधला. बागेत सूर्यमंदिर आहे आणि पुलावर नंदी बसलेले आहेत. बाग ठरावीक दिवशीच उघडी असते, ते आधी पाहून जावे. दुसरी जागा तिथून जवळच, डेल्सफर्ड. मराठ्यांशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या काळात बंगालचा गव्हर्नर जनरल असलेला आणि ज्याच्या कारकिर्दीत १७८२ चा सालबाईचा तह झाला तो वॉरन हेस्टिंग्ज निवृत्तीनंतर इथे राहिला. त्याचे घरही त्याच कॉकरेलने बांधले. घर खासगी आहे, पण चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तो १८१८ च्या ऑगस्टमध्ये वारला, पेशवाई संपली त्याच वर्षी. त्या शांत आवारात उभे राहिल्यावर शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या अचानक जवळ येतात.

छपरात फडफड ऐकू आली तर?

वटवाघळे असण्याची शक्यता आहे. १९८१ च्या कायद्याने त्यांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना संरक्षण आहे. त्यांना हुसकावू नये, मालकाला कळवावे.

निघताना काय आवरून ठेवायचे?

भांडी धुऊन जागेवर, कचरा सांगितलेल्या रंगाच्या डब्यांत वेगवेगळा, राख पूर्ण निवाल्यावरच धातूच्या बादलीत, आणि हीटर सांगितलेल्या तापमानावर. काही तुटले-फुटले असेल तर ते आपणहून सांगावे. त्यानंतर टेबलावरची नोंदवही उघडावी. अनेक घरांत ती असते. आपल्या आधी येऊन गेलेल्यांनी त्यात पहिला बर्फ, अंगणात आलेला हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी, चुलीचा कोणता झडपा किती उघडावा असे बरेच काही लिहिलेले असते, आणि त्यातले काही आपल्याला आठवडाभर उपयोगी पडलेले असते. आमच्या नातीने डेव्हनच्या घरातल्या वहीत मराठीत चार ओळी लिहिल्या आणि खाली खिडकीचे चित्र काढले. तारीख घालायला विसरू नये.